सुकल्यावर काळा रंग राखाडी का पडतो? अंधाऱ्या खोलीचं तैलचित्र आणि पुन्हापुन्हा येणारी एक अडचण

तैलरंगात अंधारी खोली रंगवायला घेतली की ही तक्रार हमखास येते. ओला असताना गडद भाग खोल आणि गर्द दिसतो. आठवड्याभराने पाहावं तर तोच भाग राखाडी आणि निस्तेज झालेला असतो, मधूनच एखादा पट्टा तेवढा चकाकत राहतो. मग त्यावर पुन्हा काळा चढवला जातो. तो ओला आहे तोवर समाधान, सुकला की पुन्हा तेच. अशा फेऱ्या होत गेल्या की काळ्याचा जाड, चिकट थर साचतो आणि चित्र सोडून दिलं जातं. दोष मात्र दिला जातो तो रंगाच्या ट्यूबला.

बहुतेक वेळा रंग चुकलेला नसतोच. बिघडलेला असतो तो पृष्ठभाग. म्हणून पॅलेटवर काहीही बदलण्याआधी पृष्ठभाग तपासायचा, हे या लेखाचं मुख्य सांगणं.

उदाहरणासाठी एक नेमकं चित्र समोर ठेवू. व्हिल्हेल्म हामर्सहॉय (१८६४–१९१६) हा डॅनिश चित्रकार. १८९८ ते १९०९ या काळात तो आणि त्याची पत्नी इडा कोपनहेगनच्या क्रिश्चियनशाव्हन भागात, स्ट्रँडगेडे ३० या पत्त्यावर राहत होते. त्या घरातल्या खोल्या त्याने पुन्हापुन्हा रंगवल्या. करड्या भिंती, पांढरी दारं, जवळजवळ रिकाम्या खोल्या आणि अनेकदा आपल्याकडे पाठ करून उभी असलेली इडा. १९०४ च्या सुमाराचं त्याचं एक चित्र डेन्मार्कमधल्या रँडर्स शहराच्या कलासंग्रहालयात आहे. काळ्या पोशाखातली स्त्री पाठमोरी उभी, हाताशी धातूचा ट्रे, मानेचा उघडा भाग उजळलेला आणि उजवीकडे झाकण असलेलं चिनी मातीचं मोठं भांडं. शिकण्यासाठी नक्कल करायला हे चित्र फार सोयीचं. वस्तू थोड्या असल्यामुळे रेखाटन लवकर उरकतं आणि मग सगळी परीक्षा टोनची, म्हणजे रंगाच्या गडद-फिकेपणाची. शिवाय काळा भाग एकसंध आणि मोठा असल्याने तिथला दोष लपवता येत नाही.

आधी तपासणी, मग ब्रश

चित्र बोटाला रंग लागणार नाही इतपत सुकलेलं हवं. कापसाचा बोळा स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि राखाडी पडलेल्या जागेवर हलकेच फिरवा. पाणी थेंबाथेंबाने गोळा झालं तर आणखी एकदा फिरवा. ओल आहे तेवढा वेळ नीट पाहा आणि मग कोरड्या कापडाने टिपून घ्या.

ओल्यावर रंग पुन्हा गडद झाला, रंगवताना होता तसा दिसला, तर तुमचं मिश्रण बरोबर होतं. त्यातलं तेल खालच्या थराने ओढून घेतलंय, एवढंच. ओल्यावरही रंग मळकट, दुधी किंवा निळसर राहिला तर गडबड मिश्रणात आहे. आणि ओलं-कोरडं काहीच फरक नाही, पण दोन पावलं बाजूला सरकल्यावर चित्र एकदम चांगलं दिसू लागलं, तर दोष खोलीतल्या दिव्याचा. या तीन शक्यतांचे इलाज वेगवेगळे आहेत. ही तपासणी न करता काळा चढवत राहणं म्हणजे तापाचं कारण न शोधता गोळ्या देत राहणं.

तेल जातं कुठे

ट्यूबमधला तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारं तेल, बहुधा जवसाचं. थर नीट सुकला तर कणांभोवती तेलाचं गुळगुळीत आवरण राहतं. प्रकाश आत शिरतो, बराचसा शोषला जातो आणि आपल्याला खोल काळोख दिसतो. पण खालच्या थराने तेल ओढून घेतलं तर वरचे कण उघडे पडतात. त्या खडबडीत पृष्ठभागावर आपटून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि काळ्यावर पांढुरक्या प्रकाशाची झाक येते. रंग तोच असतो, त्याच्यावर विखुरलेल्या प्रकाशाचा पातळ पडदा आलेला असतो. पाण्याच्या बोळ्याने तो पडदा तात्पुरता दूर होतो, म्हणून तपासणी काम करते.

फिकट भागातही तेल असंच ओढलं जातं, पण तिथे ते जाणवत नाही. पांढऱ्या दारावर थोडा पांढुरका प्रकाश वाढला तर कोणाचं लक्ष जाणार? काळ्या पोशाखावर मात्र तेवढ्यानेही सगळा भाग उठून दिसतो. म्हणून ही तक्रार निसर्गचित्र करणाऱ्यांकडून कमी येते आणि अंधाऱ्या खोल्या रंगवणाऱ्यांकडून जास्त.

तेल ओढलं जाण्याचं पहिलं कारण कॅनव्हास. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या तयार कॅनव्हासवर जेसोचा, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचा, थर अनेकदा पातळ आणि खूप शोषणारा असतो. ॲक्रिलिक रंगांना तो चालून जातो, तैलरंगाचं तेल मात्र पिऊन टाकतो. नव्या कॅनव्हासच्या कडेला जवसाच्या तेलाचा एक थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी पाहा. थेंब तसाच फुगीर दिसला तर कॅनव्हास ठीक आहे. तो पसरून भोवती तेलकट कडं उमटलं, किंवा मागच्या बाजूला डाग आला, तर त्यावर थेट रंगवू नका. जेसोचे आणखी दोन पातळ हात द्या. प्रत्येक हात सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. तरीही थेंब पसरत असेल तर ॲक्रिलिक मीडियमचा एक पातळ हात देऊन छिद्रं बंद करा आणि तैलरंग लावण्याआधी दोन-तीन दिवस थांबा. (हे सगळं तैलरंगाच्या खाली. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही, ते धरत नाही.)

दुसरं कारण टर्पेंटाइन, म्हणजे तैलरंग पातळ करायचा द्राव. पहिल्या थरात रंग पातळ करून झरझर आकार मांडायचे ही पद्धत चांगली आहे, पण बऱ्याच जणांना ती सवय पुढच्या थरांतही सुटत नाही. ब्रश अडखळला की टर्पेंटाइनमध्ये बुडव, हा सोपा मार्ग. त्यातून होतं असं, की कणांना धरून ठेवणारं तेल इतकं विरळ होतं की उरतं ते जवळपास कोरड्या पुडीचं अस्तर. सुकल्यावर महिनाभराने कोरडा पांढरा कापूस फिरवून पाहा. कापसावर रंग आला तर थर अशक्त आहे आणि त्यावर पुढचं काम उभं करण्यात अर्थ नाही. तो भाग हलकासा घासून नव्या रंगाने पुन्हा रंगवणं हाच उपाय.

तिसरं कारण रंगद्रव्याचा स्वभाव, आणि अंधाऱ्या खोल्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर हे मातीचे रंग भरपूर तेल मागतात. शिवाय त्यांच्यातल्या मँगनीजमुळे ते लवकर सुकतात आणि लवकर निस्तेज होतात. आयव्हरी ब्लॅक उलट्या स्वभावाचा. जळालेल्या हाडांपासून बनणारा हा काळा संथपणे सुकतो. दोन्ही एकाच झग्यात शेजारीशेजारी वापरले की एक पट्टा मॅट आणि दुसरा चकाकणारा होतो. तक्रारीत सांगितलेला ‘मधूनच एखादा पट्टा’ बहुधा इथूनच येतो.

यातून आणखी एक धोका. जाड आयव्हरी ब्लॅक आतून ओलाच असताना त्यावर झटकन सुकणारा अंबर चढवला, तर वरचा थर आधी आखडतो, खालचा नंतर हलतो आणि चिरा पडतात. पुन्हापुन्हा काळा चढवण्याच्या फेऱ्यांमध्ये नेमकं हेच घडत असतं.

तेल परत कसं द्यायचं

तपासणीत रंग ओला केल्यावर गडद झाला असेल, तर त्या जागेला तेल द्यायचं. चित्रकारांचा हा जुना उपाय. चित्रकलेसाठी मिळणारं शुद्ध जवस तेल आणि वास नसलेलं मिनरल स्पिरिट (टर्पेंटाइनसारखाच पातळ करणारा द्राव) समप्रमाणात एकत्र करा. धुतलेल्या जुन्या सुती बनियनचा तुकडा त्यात जेमतेम ओला करून राखाडी जागेवर घासून लावा. मिनिटभर थांबा. मग दुसऱ्या कोरड्या तुकड्याने पुसा आणि पुसत राहा, बोट फिरवल्यावर ओशट लागणार नाही इतकं. लोक चुकतात ते इथेच. रंग गडद झालेला पाहून तेल तसंच राहू देतात. जास्तीचं तेल सुरकुततं, पिवळं पडतं आणि धूळ धरून ठेवतं.

तेल दिल्यावर झग्याचा खरा टोन दिसतो आणि त्याच बैठकीत पुढचं काम करता येतं. भिंतीचा करडा रंग मिसळताना शेजारचा काळा खरा दिसत असतो, त्यामुळे करडाही बरोबर बसतो. माझ्या मते हा या उपायाचा सर्वांत मोठा फायदा आहे, चकाकी परत येणं त्यापुढे गौण. राखाडी पडलेल्या काळ्याकडे पाहून मिसळलेली भिंत नेहमीच जास्त फिकी होते.

त्यावर पुढचा थर देताना रंगात थोडं तेल किंवा मीडियम (तैलरंगात मिसळायचं तयार तेलकट मिश्रण) असू द्या. खाली कमी तेल, वर जास्त तेल हा नियम इथे मोडला तर तेल दिलेल्या जागेवर रुक्ष थर येतो आणि तो कालांतराने तडकतो.

तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बाजारात गोंधळ आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं बेल तेल, म्हणजे उकळलेलं जवस तेल, दारं-खिडक्यांच्या रंगासाठी असतं. ते काळपट असतं आणि त्यात सुकवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ते चित्रासाठी नको. किराणा दुकानातलं खायचं जवस तेलही नको, ते कसं सुकेल याचा भरवसा नाही. घररंगाच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ म्हणून मिळतं ते बहुधा मिनरल टर्पेंटाइन. ब्रश धुवायला उत्तम, पण त्याचा वास उग्र, त्यामुळे बंद खोलीत टाळलेलं बरं.

आणि एक सूचना, जी शिकवणारे फारच कमी देतात. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेत सुकताना उष्णता निर्माण करतं. चिंध्यांचा ढीग असेल तर ती उष्णता आत साठते आणि आगही लागू शकते. चिंध्या पसरून बाहेर वाळत घाला, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

ओल्यावरही मळकट दिसत असेल तर

मग मिश्रणाकडे वळायचं. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे गडद भाग थोडा उजळायचा म्हणून त्यात टायटॅनियम व्हाइट मिसळणं. हा पांढरा फार जोरकस असतो. काळ्यात त्याचा कण गेला तरी खोली जाते आणि वर दुधी, धुरकट साय येते. आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा यांचं मिश्रण शिवाय निळसर होतं. हामर्सहॉयच्या खोल्या कुठल्या पडद्यावर पाहून निळ्या वाटतात, म्हणून तसा निळा मिसळायला जाणारेही बरेच असतात. त्याच्या करड्या रंगांत ऊबही असते, आणि ती नक्कल करताना पहिली निसटते.

पोशाखासाठी मुळात काळा ट्यूबमधून काढूच नका, निदान सुरुवातीला तरी. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर समसमान घेतले की गर्द, जवळजवळ काळा रंग मिळतो. निळा थोडा वाढवला की तो थंड होतो, अंबर वाढवला की उबदार. पाठीचा उजेडाकडचा भाग उबदार आणि कमरेखालचा सावलीतला भाग थंड, असा फरक पांढरा न वापरता साधता येतो. उजळायचंच असेल तर रॉ अंबरमध्ये किंचित यलो ऑकर घेऊन उजळा. आयव्हरी ब्लॅक राखून ठेवा तो दोन-चार सर्वांत गडद घड्यांसाठी, पातळ थरात.

नक्कल करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मूळ चित्रात काळा पोशाख काळा वाटतो, तो शेजारच्या भिंतीमुळे. करडी भिंत आणि उजळलेली मान यांच्यामुळे तो तितका गडद भासतो. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगवायला घेतलं तर शेजारी भिंत नसते, सगळीकडे पांढरं असतं. त्यामुळे मधला करडाही काळा वाटतो, आपण तो फिका करत जातो आणि शेवटी सगळं चित्र एकाच धुक्यात जातं. आधी अख्खा कॅनव्हास रॉ अंबरच्या पातळ हाताने मध्यम टोनवर आणून ठेवला की हा घोळ निम्मा तरी कमी होतो. त्यानंतर झगा, भिंत आणि मान या तिघांचे टोन ढोबळमानाने एकाच बैठकीत मांडा. भांडं, ट्रे, दरवाजाच्या पट्ट्या वगैरे नंतर. झग्याची कड भिंतीला भिडते तिथे सगळीकडे धारदार ठेवू नका. सावलीकडच्या बाजूला दोन्ही रंग ओले असतानाच कोरड्या ब्रशने एकमेकांत हलके सरकवा.

संदर्भचित्राबद्दल एवढंच: मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि गडद भाग एकतर गिळतो किंवा भडक करतो. कोपनहेगनच्या स्टेटन्स म्युझियम फॉर कुन्स्टने आपल्या संग्रहातल्या जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा मोफत खुल्या ठेवल्या आहेत, तिथे हामर्सहॉयही सापडतो. त्यांची रंगछटा जास्त विश्वासार्ह. फोनचा नाइट मोड बंद आणि उजेड मध्यम असू द्या.

दिव्याचा दोष

ट्यूबलाइट नेमकी डोक्यावर असेल तर ओल्या काळ्यावर तिचं प्रतिबिंब पडतं. ते पुसण्याच्या नादात गडद भाग पुन्हापुन्हा खरवडला जातो. इझलचा वरचा भाग किंचित आपल्याकडे झुकवा, दिवा डावीकडे वरून येऊ द्या. डावखुरे असाल तर उजवीकडून.

पावसाळा

कोकण किंवा मुंबईत राहणाऱ्यांना ही अडचण जून ते सप्टेंबरमध्ये जास्त छळते. दमट हवेत तैलरंग संथ सुकतो, खालचा थर तयार नसतानाच वरचा चढवला जातो आणि वर सांगितलेल्या चिरांची पायाभरणी होते. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला तर मागच्या सुती कापडावर बुरशी येते. भिंत आणि कॅनव्हास यांच्यात हवा खेळेल एवढी फट ठेवा. चित्र बंद कपाटात तर नकोच. अंधारात ठेवलेलं जवस तेल पिवळं पडतं आणि त्याचा फटका करड्या भिंतींना आधी बसतो. असं पिवळं पडलेलं चित्र काही आठवडे थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवलं तर बराचसा पिवळेपणा उतरतो.

व्हार्निशही पावसाळ्यात लावू नये. दमट हवेत लावलेल्या व्हार्निशवर दुधी झाक येते आणि आपण जिच्याशी इतका वेळ झगडत होतो तीच राखाडी छटा परत आल्यासारखी वाटते. फरक ओळखायला सोपं आहे. तेल ओढलं गेल्याने येणारे डाग तुटक असतात आणि गडद मातीच्या रंगांवर जमतात. व्हार्निशची झाक सगळीकडे सारखी असते.

व्हार्निश कोणतं

चित्र सुकायच्या आधीच गडद भाग एकसारखे दिसायला हवे असतील, उदाहरणार्थ फोटो काढायचा असेल, तर रीटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या व्हार्निशचा, अगदी पातळ हात देता येतो. कायमचं व्हार्निश पातळ थरांच्या चित्राला सहा महिन्यांनी, जाड थर असतील तर वर्षाने. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा त्यासाठी चांगली.

मॅट व्हार्निशच्या मोहात मात्र पडू नका. उदास, शांत खोलीला चकाकी शोभत नाही म्हणून अनेक जण मॅट घेतात. मॅट व्हार्निशमध्ये प्रकाश विखुरणारी पूड किंवा मेण असतं, म्हणजे काळ्यावर तोच पांढुरका पडदा आपण विकत आणून चढवतो. सॅटिन घ्या. किंवा ग्लॉस घेऊन चित्र अशा भिंतीवर लावा जिथे समोर खिडकी नाही.

एवढं सगळं करूनही एखाद्या कॅनव्हासवर तेल दिलेली जागा दोन-दोनदा राखाडी पडत असेल, तर अस्तरच वाईट आहे आणि त्यावर आणखी थर चढवण्यात वेळ घालवू नका. झग्याचा एवढाच भाग नव्या कॅनव्हासच्या तुकड्यावर, जेसोचे दोन हात जास्त देऊन, पुन्हा रंगवून पाहा. तिथे काळा खोल राहिला तर पुढचं चित्र त्याच अस्तरावर सुरू करा आणि जुना कॅनव्हास टोन मिसळायच्या सरावाला ठेवा.